दहा आकड्यांचा निरोप आणि न वाढलेली गोळी : प्रागमधील एका उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या माणसाच्या घरात एक भीती कायम मुक्कामाला असते, ती म्हणजे आजार उलटण्याची. ती निराधार म्हणता येत नाही. पहिल्या झटक्यातून बरे झालेल्या रुग्णांचा न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयाने दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार पाच वर्षांत सुमारे ८२ टक्के रुग्णांचा आजार निदान एकदा उलटला होता, आणि औषध बंद केलेल्यांमध्ये ही जोखीम जवळजवळ पाचपट होती. आजार उलटला की नोकरी सुटते, शिक्षणाचे वर्ष वाया जाते, जुळत आलेले नाते विस्कटते, आणि पुन्हा पूर्वीच्या पायरीवर यायला प्रत्येक वेळी आधीपेक्षा अधिक काळ लागण्याची शक्यता असते.

मात्र बहुतेकांच्या बाबतीत आजार एका रात्रीत उलटत नाही. अमेरिकेत हर्झ आणि मेलव्हिल यांनी १४५ रुग्ण आणि ८० नातेवाईक यांना या विषयी विचारले होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ७० टक्के रुग्णांनी आणि ९३ टक्के नातेवाइकांनी सांगितले की, आजार बळावण्यापूर्वी काहीतरी बदलत असल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. झोप उडणे, मनावर ताण येणे, चिडचिड, जेवणावरची वासना जाणे, कामात लक्ष न लागणे अशा या खुणा असतात. त्या दिसू लागल्यापासून भास आणि संशय पुरते उसळेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे हाताशी असतात. याच हर्झ यांच्या गटाने पुढे ८२ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्यात दर आठवड्याला खुणांची विचारपूस होत असे आणि खूण दिसताच तातडीने हस्तक्षेप केला जात असे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १८ महिन्यांत या गटातील १७ टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होते.

दर आठवड्याला प्रत्येक रुग्णाला समोर बसवून विचारपूस करणे मात्र फारच थोड्या ठिकाणी परवडते. प्रस्तुत प्रकरणाची सुरुवात या अडचणीतून झाली.

योजना

चेक प्रजासत्ताकातील प्राग मनोरुग्ण केंद्रात फिलिप श्पानिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘इटारेप्स’ नावाची योजना उभी केली. तिला स्मार्टफोन लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हते. साधा मोबाइल आणि एसएमएस एवढ्यावर तिचे काम भागत होते. दर आठवड्याला संगणक आपोआप दोन निरोप पाठवी, एक रुग्णाला आणि दुसरा त्याच्या घरातल्या एका माणसाला. मराठीत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात शुभार्थी (रुग्ण) आणि शुभंकर (त्याची काळजी घेणारा) अशी जी जोडी रूढ झाली आहे, तीच जोडी येथे योजनेची दोन टोके होती, आणि मला हा या रचनेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. आजार उलटू लागला की स्वतःच्या बदलाची जाणीव सर्वांत आधी बोथट होते, आणि अशा वेळी घरातल्या माणसाचा डोळा उपयोगी पडतो, हे हर्झ आणि मेलव्हिल यांच्या ७० आणि ९३ या दोन आकड्यांमधल्या अंतरातही दिसते.

निरोप आला की दोघांनी आपापल्या दहा प्रश्नांच्या यादीवर नजर टाकून गुण कळवायचे. रुग्णाच्या यादीतले प्रश्न साधे होते. मागच्या वेळेपेक्षा झोप बिघडली आहे का? भूक कमी झाली आहे का? लक्ष लागणे कमी झाले आहे का? माणसांत असताना भीती किंवा संशय वाटतो का? अस्वस्थपणा, चिडचिड वाढली आहे का? आजूबाजूला काहीतरी वेगळे, चमत्कारिक घडते आहे असे वाटते का? उत्साह गेला आहे का? रोजच्या अडचणी निभावणे जड जाते आहे का? जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात का? दहावा प्रश्न प्रत्येकाच्या स्वतःच्या खुणेसाठी राखून ठेवला होता. कोणी आजार उलटण्याआधी जुन्या वह्या काढून बसतो, कोणी अचानक कडक उपास धरतो, कोणी घराचे पडदे दिवसाही ओढून घेतो. अशी वैयक्तिक खूण छापील यादीत कधीच सापडत नाही.

प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार असे गुण. शून्य म्हणजे मागच्या वेळेपेक्षा काही बिघडलेले नाही, चार म्हणजे फारच बिघडले आहे. उत्तरे वरच्या क्रमाने मांडली, तर एखाद्या आठवड्याचे उत्तर ‘१०००१०००००’ असे दिसेल. म्हणजे झोप जराशी बिघडली आहे आणि चिडचिड किंचित वाढली आहे. एवढ्यावरून कोणी घाबरून जाणार नाही. पुढच्या आठवड्यात तेच उत्तर ‘३०१२२००१०१’ असे आले, तर बेरीज दोनावरून दहावर गेली. पहिला आणि चौथा आकडा एकत्र वाचले की झोप गेलेल्या आणि माणसांचा संशय येऊ लागलेल्या एका माणसाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते, आणि शेवटचा एक सांगतो की त्याची स्वतःची खूणही दिसू लागली आहे. आवाजांच्या जागी अजून शून्य आहे. हस्तक्षेपाची वेळ हीच असते.

ठरावीक मर्यादा ओलांडली की यंत्रणा इशारा जाहीर करी आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या संगणकावर ईमेल जाई. त्याने काय करायचे हेही लिहून ठेवलेले होते. २४ तासांच्या आत मनोविकारविरोधी औषधाचा डोस साधारण २० टक्क्यांनी वाढवायचा. इशाऱ्यानंतरचे तीन आठवडे प्रश्नावली आठवड्यातून एकदा न येता दोनदा येई.

पहिला निकाल

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ४५ रुग्णांची माहिती होती. सरासरी २८३ दिवस ते योजनेत होते आणि योजनेत येण्यापूर्वीच्या तेवढ्याच काळाशी तुलना करता त्यांच्या रुग्णालयात दाखल होण्याच्या संख्येत ६० टक्के घट झाली होती. आकडा भुरळ घालणारा आहे, आणि त्यामुळे तो जपून वाचावा लागतो. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. त्याच माणसांचा आधीचा आणि नंतरचा काळ शेजारी ठेवला होता. माणूस अशा योजनेत बहुधा नुकताच दाखल होऊन घरी गेल्यावर येतो. ताप चढलेला असताना मोजायला सुरुवात केली, तर काहीही न करता पुढचा आकडा खालीच येतो. संशोधकांनाही हे ठाऊक होते, म्हणून पुढची पायरी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगाची होती.

दुसरा निकाल

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १५८ रुग्ण होते. एक वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. एखाद्या तंत्रज्ञानाची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. मात्र संशोधकांनी आकडेवारी उकलून पाहिली, तेव्हा त्यांना आढळले की इशारे जात होते, परंतु पुष्कळ प्रसंगी डॉक्टरांनी डोस वाढवलाच नव्हता. जिथे नियमाप्रमाणे डोस वाढवला गेला, तिथे दाखल होण्याचे प्रमाण बरेच कमी होते. ही नंतर केलेली उकल आहे, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकता येत नाही. ज्यांचा डोस वाढवला ते रुग्ण मुळातच अधिक संपर्कात असलेले असू शकतात. तरीही या उकलीने शोधाची दिशा बदलली.

२०१५ मध्ये त्याच गटाने १४६ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुन्हा गटागटांत फरक नाही, आणि पुन्हा तेच कारण पुढे आले. या वेळी त्यांनी ते शीर्षकातच मांडले : आजार उलटू न देण्यातील एक नवा घटक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाचे अनुपालन. वैद्यकाच्या भाषेत ‘अनुपालन’ हा शब्द आजवर रुग्णाच्याच मागे लावला गेला आहे. गोळ्या वेळेवर घेत नाही, तपासणीला येत नाही, सांगितलेले ऐकत नाही, असे ते आरोपपत्र असते. येथे रुग्णाने आकडे पाठवले, घरच्यांनी पाठवले, यंत्राने बेरीज केली, आणि साखळी तुटली ती पांढऱ्या कोटापाशी. हे वाचून कोणाला थोडे समाधान वाटले, तर ते मी समजू शकतो. पण तेवढ्यावर थांबलो तर या प्रकरणातले महत्त्वाचे हातातून निसटेल.

डॉक्टर का उठला नाही

या प्रश्नाचे उत्तर आळस असे देणे सोपे आहे आणि बहुतांशी चुकीचे आहे. आधी इशाऱ्याची किंमत तपासू. पूर्वसूचक खुणांवरून आजार उलटण्याचा अंदाज किती खरा ठरतो, यावरील अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या उलटण्यांपैकी पकडल्या गेलेल्यांचे मध्यक प्रमाण ६१ टक्के होते, आणि न उलटणाऱ्यांना बरोबर वगळण्याचे ८१ टक्के. ऐकायला वाईट नाहीत. आता समजा, एका डॉक्टरच्या यादीत १०० माणसे आहेत आणि एखाद्या महिन्यात त्यांपैकी चौघांचा आजार खरोखर उलटण्याच्या वाटेवर आहे. वरच्या प्रमाणाने त्या चौघांपैकी दोन-तीन जणांचा इशारा येईल. उरलेल्या ९६ जणांपैकी १९ टक्के, म्हणजे सुमारे १८ जणांचाही इशारा येईल. वीस-एकवीस ईमेलांत खरे दोन-तीन. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित कुठल्याही ओपीडीत हेच राहते. आजार उलटणे ही कोणत्याही एका महिन्यात विरळ घटना असल्यामुळे चांगली चाळणीसुद्धा खड्यांपेक्षा तांदूळच जास्त अडवते.

आता त्या वीस जणांचा डोस २० टक्क्यांनी वाढवायचा आहे, तोही न पाहता, न बोलता. ही औषधे निरुपद्रवी नाहीत. वजन वाढते, गुंगी येते, हातपाय ताठरतात, आणि ज्या तरुणाला महत्प्रयासाने गोळी नियमित घ्यायला राजी केले आहे, तो वाढीव गोळीने सुस्तावला की सगळेच औषध सोडून देण्याचा धोका असतो. झोप बिघडण्याचे कारण परीक्षा असू शकते, शेजारचा मांडव असू शकतो, घरातले आजारपण असू शकते. अनुभवी डॉक्टर अशा वेळी ‘पुढच्या भेटीत पाहू’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा त्याचे म्हणणे बरोबर ठरते. बहुतेक वेळा बरोबर ठरल्यामुळेच ज्या एका वेळी ते चुकते, ती वेळ त्याला वेगळी ओळखू येत नाही.

आणखी एक गोष्ट या शाखेत काम करणाऱ्यांना चांगली माहीत असते. डोस वाढवला आणि आजार उलटला नाही, तर तो मुळात उलटणारच होता का, हे कधीच कळत नाही. वाढीव डोसाचा त्रास मात्र रुग्ण पुढच्याच भेटीत सांगतो. यश दिसत नाही आणि त्रास दिसतो, अशा कामाला माणसाचा हात हळूहळू आखडतो.

जपानमधील निकाल

याच योजनेचा एक प्रयोग जपानमध्ये झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण ४५ म्हणजे थोडेच होते, २२ योजनेत आणि २३ तुलनेच्या गटात. संशोधकांनी योजनेत एक भर घातली होती : परिचारिका घरी भेट देत, त्यामुळे निरोप पाठवणे आणि ठरलेली औषधयोजना पाळणे हे दोन्ही सुटले नाही. वर्षभरात योजनेतील दोघांना पुन्हा दाखल करावे लागले, तुलनेच्या गटातील आठ जणांना, म्हणजे ९.१ टक्के विरुद्ध ३४.८ टक्के. एवढ्या लहान प्रयोगातला फरक डोळे झाकून इतरत्र नेता येणार नाही, आणि या फरकात एसएमएसचा वाटा किती व घरी येणाऱ्या परिचारिकेचा किती, हे त्यातून वेगळे करता येत नाही. प्रागमधील दोन प्रयोगांच्या शेजारी ठेवल्यावर मात्र मला तरी त्याचा रोख स्पष्ट दिसतो. मोबाइल तोच होता. इशाऱ्यानंतर दाराशी जाणारे माणूस नवे होते.

त्यानंतरच्या योजना

ग्लासगो आणि मेलबर्न येथे अँड्र्यू गमली यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘एम्पॉवर’ या ७३ जणांच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, स्मार्टफोनवर रोज प्रश्न विचारले जात. सर्वांना एकच मर्यादा न लावता प्रत्येकाच्या स्वतःच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांशी तुलना केली जाई. इशारा आला की आधी माणूस तो तपासून पाही आणि मग गरजेप्रमाणे संबंधित पथकाला कळवी. थेट गोळी वाढवण्याचा नियम नव्हता. स्वतः मानसिक आजार अनुभवलेले कार्यकर्ते रुग्णाला यंत्रणा समजावून देत. हा प्रयोग मुळात ‘असे करणे शक्य आहे का’ हे पाहण्यासाठी होता. त्यात आढळलेली मला लक्षणीय वाटणारी बाब म्हणजे, योजनेतील लोकांची आजार उलटण्याची भीती कमी झाली. रोज लक्षणांबद्दल विचारल्याने भीती वाढेल, असे अनेकांना वाटत होते.

दुसरी वाट केवळ प्रश्नांवर अवलंबून न राहण्याची. बोस्टन, भोपाळ आणि बेंगळुरू या तीन ठिकाणी झालेल्या ‘शार्प’ प्रकल्पात ‘माइंडलॅम्प’ नावाचे अ‍ॅप वापरले गेले. ते प्रश्नावलीबरोबरच माणूस किती फिरतो, फोन किती वापरतो यासारख्या नोंदी आपोआप घेते आणि नेहमीच्या घडीपेक्षा वेगळे काही दिसले की टिपते. भोपाळमधील भागीदार ‘संगत’ ही गोव्यात सुरू झालेली संस्था, आणि बेंगळुरूत निमहान्स. कोविडच्या काळात गोळा झालेल्या या माहितीचे विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आजार उलटण्याच्या आधीच्या महिन्यात अशा विसंगती २.१२ पट अधिक आढळल्या. खूण आहे, पण तिचा इशाऱ्यात उपयोग करायचा तर वरचे वीस ईमेलांचे गणित पुन्हा समोर येते. शिवाय ज्या आजाराचे एक मुख्य लक्षणच ‘माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे’ हे आहे, त्या आजारात खिशातला फोन खरोखर नोंद ठेवतो, ही गोष्ट संमतीपत्राच्या एका ओळीत उरकण्यासारखी नाही. प्रागचा एसएमएस या बाबतीत प्रामाणिक होता. विचारल्याशिवाय तो काही घेत नव्हता, आणि रुग्णाला उत्तर द्यायचे नसेल तर तो गप्प बसू शकत होता; ते गप्प बसणेही एक खूणच असते.

आपल्याकडे नेताना

महाराष्ट्रात असे काही उभे करायचे झाल्यास पहिला हिशेब फोनचा करू नये. भारतात मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी आहे. प्रागमध्ये जो डॉक्टर ईमेल पाहून थांबला, त्याच्या कितीतरी पट गर्दीत आपला डॉक्टर बसलेला आहे. त्याच्या ईमेलवर इशारा पाठवणे म्हणजे तो पुरात सोडणे. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे, पण तो आपण फिरवावा लागतो, तो दर आठवड्याला आपणहून झोपेची चौकशी करत नाही. उलट, घरी जाणारा कार्यकर्ता ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सातारा, गोवा आणि तमिळनाडू येथे २८२ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरी जाऊन काम केले होते आणि वर्षाअखेर लक्षणे व अपंगत्व यांत माफक सुधारणा दिसली होती. इशारा अशा कार्यकर्त्याच्या फोनवर जावा, त्याने त्याच दिवशी घरी फोन करावा किंवा जावे, वीसांतले सतरा-अठरा तिथेच शमवावेत आणि उरलेल्या दोन-तिघांबद्दल डॉक्टरांशी बोलावे, ही रचना मला प्रागच्या रचनेपेक्षा आपल्या मातीला अधिक मानवणारी वाटते. ‘शेजारी मांडव घातलाय, रात्रभर स्पीकर चालू होता’ हे वाक्य ईमेलमध्ये येत नाही, फोनवर दहा सेकंदांत येते. आपल्या घरांत फोन बऱ्याचदा सामायिक असतो, आईच्या नावावरचा मोबाइल धाकट्या मुलाच्या हातात असतो. तेव्हा शुभंकराचे दहा आकडे नक्की कोण दाबणार, हे नोंदणीच्या दिवशीच विचारावे लागेल.

डोसाचा प्रश्न यानंतरही उरतोच. खूण दिसल्यावर काय करायचे, हे इशारा आल्यावर ठरवायला बसले तर प्रागचीच पुनरावृत्ती होईल. ते माणूस बरा असताना, त्याच्या आणि शुभंकराच्या समक्ष, केसपेपरवर लिहून ठेवता येते : सलग इतक्या रात्री झोप गेली आणि दहावी खूण दिसली, तर रात्रीची गोळी इतक्या दिवसांसाठी इतकी, आणि त्यानंतर परत मूळ डोस. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दिलेले आगाऊ निर्देशपत्र यासाठी पुढे करण्याची घाई अनेक जण करतात, परंतु ते निर्णयक्षमता गमावल्यानंतर लागू होते. दहा आकड्यांच्या टप्प्यावर ती क्षमता अजून शाबूत असते, म्हणजे ‘वाढवू का?’ हा प्रश्न त्या दिवशीही त्याच माणसाला विचारता येतो.